सात हजारांच्या बिलाबद्दल क्लासकडून उत्तर

नमस्कार. आमच्या क्लाउडच्या क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. "पंधरा दिवस नुसतं डॉकर, सर्व्हरलेस दोन दिवसांत उरकलं, फ्री आहे सांगून माझ्या कार्डावर 7,200 रुपयांचं बिल आलं, आणि सर फोन उचलत नाहीत." एक स्टार. (इतर वाचणाऱ्यांसाठी: डॉकर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका डब्यात, कंटेनरमध्ये, बांधायचं साधन; सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता कोड चालवणं.) तुमचे पैसे गेले याबद्दल मनापासून माफी मागतो. खोलीचं भाडं देऊन नागपुरात शिकणाऱ्या मुलाला सात हजार म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही.

पण "फ्री आहे सांगून" हे वाक्य मला फार लागलं. फ्री मी लॅम्डाला, म्हणजे ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरच्या सर्व्हरलेस सेवेला, म्हणालो होतो. महिन्याला दहा लाख रिक्वेस्ट आणि चार लाख जीबी-सेकंद (मेमरी गुणिले चालण्याचा वेळ), तेवढ्याला पैसे लागत नाहीत. ईकेएसचं, म्हणजे एडब्ल्यूएसवरच्या कुबरनेटीसचं (अनेक मशीनवर कंटेनर चालते ठेवणारी यंत्रणा), तसं नाही, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं: नुसत्या कंट्रोल प्लेनचे, म्हणजे सगळं सांभाळणाऱ्या भागाचे, तासाला 10 सेंट, त्यावर एकही पॉड (कंटेनर चालवणारं सर्वांत लहान एकक) चालत नसला तरी. फळ्याचा तो फोटो बॅचच्या ग्रुपवर आजही आहे.

त्या रविवारी काय झालं तेही सांगतो, कारण वाचणाऱ्यांना वाटेल की मी मुलांचे क्लस्टर (ईकेएसवरचे मशीनचे समूह) चालू ठेवून घरी निघून गेलो. साडेपाचला सगळ्यांनी मिळून क्लस्टर डिलीट करायचा होता. त्याला पंधरा मिनिटं तरी लागतात, म्हणून मी शेवटचा अर्धा तास त्यासाठीच ठेवतो. तुम्ही सव्वापाचला "सर, अमरावतीची गाडी आहे" म्हणून उठलात. मी दारापर्यंत आलो आणि म्हणालो, घरी पोचल्यावर ईकेएससीटीएलची (ईकेएसच्या कमांड-लाइन साधनाची) डिलीट कमांड आठवणीने चालवा. तुम्ही ती चालवली नाही. एडब्ल्यूएसच्या कन्सोलवर (वेबसाइटवर) ईसीटूच्या, म्हणजे भाड्याच्या मशीनच्या, पानावर जाऊन दोन्ही मशीन टर्मिनेट केल्या आणि काम झालं समजलात. मशीन गेल्या, पण नोड ग्रुपच्या (क्लस्टरमधल्या मशीनच्या गटाच्या) ऑटो स्केलिंगमध्ये डिझायर्ड कपॅसिटी, म्हणजे कायम ठेवायची मशीनची संख्या, 2 होती. थोड्याच वेळात दोन नव्या उभ्या राहिल्या.

याचंच जास्त वाईट वाटतं, कारण त्याच दुपारी आपण हेच शिकलो होतो. तुम्ही स्वतःच्या हाताने पॉड डिलीट केला, त्याच्या जागी दुसरा उभा राहिलेला बघितला आणि म्हणालात, "सर, हा तर मरतच नाही." मी म्हणालो, कुबरनेटीसचं कामच ते आहे, मागितलेली संख्या कायम ठेवणं. नोडचंही तेच झालं.

क्लस्टर 12 दिवस, म्हणजे 288 तास चालू राहिला. कंट्रोल प्लेनचे 28.80 डॉलर. टी-थ्री मीडियम मशीन दोन, मुंबई रीजनमध्ये एकीचे तासाला साडेचार सेंटच्या आसपास. वर नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारा), ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. सगळं मिळून सत्तर डॉलर, वर 18 टक्के जीएसटी. यातला एक रुपयाही क्लासकडे येत नाही.

फोनचं म्हणाल तर तुमचा फोन आला तेव्हा संध्याकाळची बॅच सुरू होती. रात्री साडेदहाला मी उलट फोन केला, तुम्ही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तेव्हा आपण दोघांनी बसून एडब्ल्यूएसकडे बिल माफ करण्याच्या विनंतीचं तिकीट टाकलं. दीड तास लागला. ते रिव्ह्यूमध्ये नाही.

डॉकरला पंधरा दिवस का? तुमचीच पहिली इमेज (डॉकरने बांधलेलं पॅकेज) 1.1 जीबीची होती. मल्टी-स्टेज बिल्ड (बांधणीची साधनं मागे ठेवून लागेल तेवढंच घेणं) केल्यावर 160 एमबीवर आली. डिसेंबर 2020 पासून लॅम्डाही कंटेनर इमेज घेतो, त्यामुळे ती मेहनत सर्व्हरलेसलाही कामी येते. तरी दोन दिवस कमी पडले हे मान्य. तुमच्या ऑर्डरच्या सर्व्हिसमधला रिपोर्टचा भाग लॅम्डाच्या 15 मिनिटांच्या मर्यादेत बसत नव्हता. तो तोडून क्यूवर (कामांच्या रांगेवर) कसा टाकायचा, ते घाईत झालं. तो भाग वाढवायचा आहे, बघतो.

पुढच्या बॅचपासून पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या खात्यावर बजेट अलर्ट लावून घेऊ. अलर्ट नुसता मेल पाठवतो, मशीन बंद करत नाही, हेही तेव्हाच सांगू. सराव शक्यतो स्वतःच्या लॅपटॉपवर मिनीक्यूब, म्हणजे छोट्या कुबरनेटीसमध्ये. ईकेएस क्लासच्या खात्यावर करता येईल का, त्याचा हिशोब चालू आहे.

पुण्यातली नोकरी सोडून घराच्या वरच्या मजल्यावर मी हा क्लास काढला. बॅच अकरा मुलांची. या आठवड्यात दोन पालकांनी तुमचा रिव्ह्यू दाखवून फी परत मागितली. स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. फक्त "फ्री सांगून" एवढे शब्द तेवढे बदला, ते खरे नाहीत.

रविवारी सहानंतर मी क्लासमध्येच असतो. राहिलेला क्यूचा भाग घेऊ, फी नाही. आणि येताना लॅपटॉप आणा, नॅट गेटवे नक्की गेला का ते एकदा बघू.