‘ट्यूनर रेडिओला फसवतो’ : एका निरोपाला उत्तर

परवाना हाती आलेला नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हमखास विचारतो, “ऑटो ट्यूनर (रेडिओ आणि अँटेना यांचा मेळ आपोआप घालणारं खोकं) घेऊ का?” तासाभरात त्याच्या फोनवर तो ठरलेला निरोप येऊन पडतो. मलाही तो इतक्या वेळा आलाय की जवळजवळ पाठ झालाय. त्याचा सारांश असा: ट्यूनर अँटेना ट्यून करत नाही, तो फक्त रेडिओला फसवतो. अँटेनाकडून परत आलेली पॉवर रिगमध्ये, म्हणजे रेडिओ सेटमध्ये, जळते, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांच्यातला बेमेळ सांगणारा आकडा, १:१ म्हणजे पूर्ण मेळ) २ असेल तर ११ टक्के गेली, ३ असेल तर २५ टक्के. म्हणून अँटेनाच कापून १:१ वर आणा. जुने हॅम कुठे ट्यूनर वापरायचे? आणि ऑटो ट्यूनर हे तर आळशी माणसाचं खेळणं, वर स्वतःच पॉवर खाणारं.

निरोप साफ खोटा असता तर सोडून दिला असता. यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या जोरावर बाकीचं खपतं.

पहिला आरोप फसवणुकीचा. ट्यूनर अँटेनाची लांबी बदलत नाही, हे कबूल. पण घरातल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं मागचं झाकण काढून बघा. स्पीकर चार-आठ ओहमचा असतो आणि आउटपुट व्हॉल्व्हला हवा असतो काही हजार ओहमचा लोड. मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो व्हॉल्व्हला फसवतो असं कुणी म्हणालं नाही. ट्यूनर तेच काम करतो, फक्त लोखंडी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरऐवजी कॉइल आणि कपॅसिटर वापरून, आणि रिॲक्टन्सही (पॉवर न वापरता परत करणारा विरोध) निपटून टाकतो. रिगला ५० ओहम दिसतात कारण त्या जागी खरोखरच ५० ओहम असतात.

दुसरा मुद्दा निरोपाचा कणा आहे, म्हणून इथे जरा बसून हिशेब करू.

टक्के बरोबर आहेत. एसडब्ल्यूआर २ ला लाटेची ११ टक्के पॉवर अँटेनापाशी परावर्तित होते, ३ ला २५ टक्के. चूक पुढच्या वाक्यात आहे: परावर्तित म्हणजे गेलेली. परत आलेली लाट ट्यूनरपर्यंत पोचते आणि तिथून पुन्हा अँटेनाकडे वळवली जाते. नीट मॅच झालेल्या ट्यूनरच्या अलीकडे, रिगच्या बाजूला, ती येतच नाही. खात्री करायची असेल तर ट्यूनर आणि अँटेना यांच्यामध्ये एक वॉटमीटर लावा. रिग १०० वॉट देत असेल आणि लाइनवर एसडब्ल्यूआर ३ असेल, तर मीटर फॉरवर्ड दाखवेल १३३ वॉट आणि रिफ्लेक्टेड ३३. शंभर वॉटच्या रिगमधून १३३ कुठून आले? परतलेले ३३ पुन्हा निघाले, त्यांची भर. वजाबाकी केली की शंभरच उरतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीटर बिघडला असं समजून तो दुरुस्तीला द्यायला निघालो होतो.

अमेरिकेतल्या वॉल्टर मॅक्सवेल या हॅमने १९७३ पासून क्यूएसटी मासिकात लेखमाला लिहून हाच गैरसमज खोडून काढला होता. पन्नास वर्षं उलटून गेली. निरोप अजून चालूच आहे.

मग तोटा होतच नाही का? होतो, पण तो केबलमध्ये. लाट जितक्या वेळा ये-जा करील तितक्या वेळा कोॲक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी ती गोल केबल, तिच्यातून आपला वाटा कापून घेतं. म्हणजे प्रश्न एसडब्ल्यूआर किती हा नाही. तो एसडब्ल्यूआर कुठल्या केबलवर आणि किती लांबीवर आहे, हा खरा प्रश्न.

गच्चीवरच्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला) २० मीटर आरजी-५८ जातीचं कोॲक्स आहे असं धरू. ७ मेगाहर्ट्झला या केबलचा मॅच असतानाचा तोटा साधारण ०.८ डीबी (डेसिबल). म्हणजे एसडब्ल्यूआर अगदी १:१ असला तरी शंभरातले ८३ वॉटच वर पोचतात. आता अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ करा, खाली ट्यूनर लावा: वर पोचतात ७५ वॉट. निरोप सांगतो पंचवीस गेले. प्रत्यक्षात जास्तीचे गेले आठ, आणि त्याआधीचे सतरा त्या १:१ वाल्याचेही गेलेच होते. हा आठ वॉटचा फरक समोरच्या स्टेशनच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, एका एस-युनिटच्या दहाव्या भागाइतकाही नाही.

आता तोच ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) डायपोल, तीच केबल, आणि रिग लावा १४ मेगाहर्ट्झवर. ट्यूनर आहे ना, लागेल की! इथे मात्र निरोप लिहिणाऱ्याची भीती खरी ठरते, फक्त त्याने सांगितलेल्या कारणाने नाही. त्या बँडवर हा डायपोल पूर्ण तरंगलांबीचा होतो आणि मधोमध इंपीडन्स (एकूण विरोध) हजारो ओहमवर जातो. तीन हजार धरला तर केबलच्या वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर ६०. ढोबळ हिशेबाने शंभरातले बाराच वॉट अँटेनाला मिळतात, उरलेले कोॲक्स तापवतात. आणि खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, मीटर काय दाखवतो? साठ नव्हे, सात. केबलनेच परतीची लाट इतकी गिळलेली असते की खालून चित्र बरं दिसतं. चांगला बाहेरचा ट्यूनर सातला सहज मॅच करतो, दिवा हिरवा होतो, आणि आपण “सीक्यू, सीक्यू” (कुणी आहे का?) करत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड गच्चीत आहे आणि ट्यूनर टेबलावर.

यात बदलायचं काय, तर केबल. त्याच डायपोलला कोॲक्सऐवजी ४५० ओहमची लॅडर लाइन (शिडीसारखी दोन समांतर तारांची लाइन) लावली तर तेवढ्याच अंतरात तोटा अर्ध्या डीबीच्या आत राहतो. ट्यूनरचा आणि बालनचा (लॅडर लाइन ट्यूनरला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) वाटा वेगळा धरूनही खेळ पालटतो. कोकणात राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लॅडर लाइन पावसात भिजली आणि तिच्यावर खारं बसलं की तिचे आकडे बिघडतात, ट्यूनरच्या जुलैतल्या सेटिंग जानेवारीच्या सेटिंगशी जुळत नाहीत. दुसरी वाट म्हणजे ट्यूनरच अँटेनाच्या पायथ्याशी न्यायचा. पाण्यापासून बंद केलेला रिमोट ऑटो ट्यूनर, त्याला थेट वायर, खाली जमिनीला रेडियल (अँटेनाच्या पायथ्यापासून पसरलेल्या तारा), आणि तिथून शॅकपर्यंतच्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर जवळजवळ १:१. ही सोय हाताने फिरवायच्या ट्यूनरने कधीच जमणार नाही. बटण फिरवायला दर वेळी तिथवर कोण धावणार?

“पण माझ्या रिगची पॉवर तर खरंच कमी होते,” असं कुणी म्हणेल. होते. ट्यूनर नसताना. ट्रान्झिस्टरचे फायनल (शेवटची पॉवर तयार करणारे भाग) असलेली आजची रिग एसडब्ल्यूआर वाढला की स्वतःला वाचवायला पॉवर खाली ओढते. ती पॉवर परत येऊन जळत नाही. तयारच झालेली नसते. ज्या घरगुती बांधणीच्या छोट्या रिगमध्ये आयआरएफ ५१० हा ट्रान्झिस्टर फायनलला आहे आणि असं संरक्षण नाही, तिथे मात्र वाईट मॅचवर फायनल खरोखर जाऊ शकतो. त्याचा सल्ला ‘ट्यूनर वापरू नका’ असा कसा निघतो, ते मला कळलेलं नाही.

तिसरा मुद्दा: अँटेना कापून १:१ वर आणा. कापायला हरकत नाही, मीही कापतो. पण १:१ हे चांगल्या अँटेनाचं प्रमाणपत्र आहे हे डोक्यातून काढायला हवं. डमी लोडचा, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी लावायच्या रोधाचा, एसडब्ल्यूआर सगळ्यात सुंदर असतो, आणि तो काहीच बाहेर सोडत नाही.

पाव तरंगलांबीचा उभा अँटेना घ्या, ४० मीटर बँडसाठी साधारण दहा मीटर उंच. त्याचा किरणोत्सर्जनाचा रोध (ज्यातली पॉवर लहरी होऊन हवेत जाते तो) सुमारे ३६ ओहम. खाली रेडियल कमी, जमीन रुक्ष, म्हणून जमिनीतला तोट्याचा रोध १४ ओहम. बेरीज पन्नास! एसडब्ल्यूआर १:१, मालक खूश. शंभरातले २८ वॉट मात्र माती शेकतायत. आता मेहनत करून आणखी रेडियल पसरले आणि जमिनीतला तोटा ४ ओहमवर आणला. बेरीज चाळीस, एसडब्ल्यूआर १.२५. मीटर म्हणतो अँटेना बिघडला, आणि प्रत्यक्षात ९० वॉट हवेत जायला लागले. निरोपाच्या सल्ल्याप्रमाणे चालणारा माणूस इथे रेडियल गुंडाळून परत ठेवील. तसंच पाणी शिरलेल्या जुन्या कोॲक्सचं. त्याचा एसडब्ल्यूआर दर पावसाळ्यानंतर ‘सुधारत’ जातो.

शिवाय शहरातल्या सोसायटीत ८० मीटर बँडचा पूर्ण डायपोल म्हणजे चाळीस मीटर तार. सेक्रेटरींना कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे काही मंजूर नसतं. तिथे ‘अँटेना बरोबर लांबीचा करा’ हे उत्तर नव्हे.

जुने हॅम ट्यूनर वापरत नव्हते, हे तर अगदीच गमतीचं. ज्यांनी ८०७ व्हॉल्व्ह लावून स्वतः ट्रान्समीटर बांधले, त्यांच्या पॅनेलवर ‘प्लेट’ आणि ‘लोड’ अशी दोन बटणं असायची. व्हॉल्व्हमधला प्लेट करंट कुठे खाली उतरतो (डिप) ते बघत ती फिरवायची. त्या बटणांमागे पाय-नेटवर्क होतं, म्हणजे एक कॉइल आणि दोन कपॅसिटर. ट्यूनर ट्रान्समीटरच्या पोटातच होता, दर बँड बदलताना हाताने ट्यून व्हायचा. ट्रान्झिस्टर आले, आउटपुट ५० ओहमला कायमचं बांधलं गेलं, आणि ती दोन बटणं नाहीशी झाली. आज रिगमध्ये येणारा ऑटो ट्यूनर त्या बटणांची जागा भरतो. आणि त्याची झेपही माफक असते: आयकॉमच्या आयसी-७३०० मधला ट्यूनर १६.७ ते १५० ओहमपर्यंत, म्हणजे एसडब्ल्यूआर ३ पर्यंतच सांभाळतो. पाय-नेटवर्कची सवय असलेल्या ज्येष्ठांना तो तोकडा वाटतो, त्यात नवल नाही.

राहिलं ऑटोचं आळशीपण. त्या खोक्यात काय चालतं ते पाहिलं तर शब्द जरा जपून वापरला जाईल. एन-सेव्हन-डी-डी-सी या कॉल साइनच्या हॅमने खुली केलेली एटीयू-१०० ही रचना आता सगळीकडे मिळते. सात कॉइल, सात कपॅसिटर, प्रत्येक पुढचा आधीच्याच्या साधारण दुप्पट, प्रत्येकावर एक रिले (विजेने चालणारा स्विच). शिवाय कपॅसिटर कॉइलच्या कुठल्या बाजूला जोडायचा ते ठरवणारा एक रिले. १२८ गुणिले १२८ गुणिले २, म्हणजे ३२,७६८ जोड्या. मायक्रोकंट्रोलर त्या सगळ्या चाळत नाही. एसडब्ल्यूआर उतरतोय की चढतोय हे बघत आधी मोठी पावलं टाकतो, मग बारीक. रिलेंचा तो कडकडाट म्हणजे हीच शोधाशोध. हाताच्या टी-नेटवर्क (दोन कपॅसिटर आणि मध्ये एक कॉइल) ट्यूनरमध्ये तर एकाच लोडला अनेक ठिकाणी १:१ सापडतो, आणि त्यातली काही ठिकाणं कॉइल तापवणारी असतात. नवख्याच्या हाती नेमकं तेच लागण्याची शक्यता असते. ऑटो ट्यूनर बहुतेक एल-नेटवर्कचे (एक कॉइल, एक कपॅसिटर), त्यात हा घोळ नाही.

पॉवर खातो, हे मात्र मान्य. कुठलाही ट्यूनर खातो. सोप्या लोडला थोडी, आणि रोध कमी, रिॲक्टन्स भरपूर अशा लोडला पुष्कळ, कारण तेव्हा कॉइलमधून करंट फार वाहतो. काही लोड त्याच्या आवाक्यातच नसतात. एटीयू-१०० च्या सातही कॉइल मिळून होतात आठ-साडेआठ मायक्रोहेन्री. दहा मीटरची वायर थेट जोडून ८० मीटर बँडवर जायचं म्हटलं तर वीसहून जास्त लागतात. रिले कितीही कडकडू द्या, जमणार नाही. मी एका फिल्ड डेला (हॅमच्या उघड्यावरच्या मेळाव्याला) अर्धा तास बटण दाबत बसलो होतो, शेवटी शेजारच्या ओएमनी, म्हणजे हॅम मित्रांनी, पीव्हीसी पाइपवर वायर गुंडाळून मालिकेत एक कॉइल जोडून दिली आणि पहिल्याच झटक्याला मॅच झाला.

नव्या मुलाने विचारलं तर मी सांगतो: आधी एका बँडचा डायपोल, त्याला परवडेल तेवढं चांगलं कोॲक्स, ट्यूनरचा विचार नंतर. आणि घेतलास तर पाच-दहा वॉटवर ट्यून कर, शंभरावर रिले उघडझाप करायला लावू नकोस, त्यांचे काँटॅक्ट जळतात. निरोपात नसलेली, पण त्यात असायला हवी होती अशी एक तक्रार माझीही आहे. परवा संध्याकाळी चाळीस मीटरवर एका मंद स्टेशनचा रिपोर्ट (माझा सिग्नल तिकडे कसा पोचतोय ते) कागदावर उतरवून घेत होतो, तेवढ्यात कुणीतरी न ऐकताच त्याच फ्रिक्वेन्सीवर ट्यून दाबलं. चांगली आठ सेकंद कॅरियर (नुसती रेडिओलहर), कमीजास्त होत, पायरीपायरीने. ट्यूनर उत्तम चालला असणार. रिपोर्ट मला परत मागावा लागला.