माव्याचं माहेर

सांगलीत थंडीच्या दिवसांत दोन दिवस आभाळ आलं की शेतकऱ्यांच्या आधी मी धास्तावते. शेत नाही आमचं. गच्चीवर जुन्या पिंपात लावलेला पावट्याचा एक वेल आहे, पण धास्ती काय, पिंपातही मावते. ढगाळ हवा पडली की मावा पडतो, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस पिणारी बारीक कीड. यंदाही पडला. शेंड्यावर काळं काहीतरी दिसलं, म्हटलं काजळी असेल. चष्मा लावून पाहिलं तर काजळीला पाय होते.

माव्याच्या घरात पुरुष नाहीत. आपल्याकडच्या उबदार हवेत मादी नराची वाटच बघत नाही. अंडी घालण्यातही वेळ दवडत नाही, थेट जिवंत पिल्लं, आणि सगळ्या मुलीच. कहर म्हणजे जन्माला येणाऱ्या मुलीच्या पोटात तिची मुलगी आधीच वाढत असते. म्हणजे डोहाळजेवण आईचं करायचं की बाळाचं, हाच प्रश्न. आठवडाभरात पोर वयात येते आणि कामाला लागते. सासर नाही, रुखवत नाही, मानपान नाही. आई, मावश्या, बहिणी, भाच्या सगळ्या एकाच शेंड्यात सोंड खुपसून रस पीत बसलेल्या. शेंड्यावर दाटी झाली की पुढच्या काही जणींना पंख फुटतात आणि त्या शेजारच्या गच्चीवर बिऱ्हाड मांडतात.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुला कसला त्रास? सुखी आहेत की बिचाऱ्या."

त्रास यांच्या शर्टापासून सुरू झाला. वेलाच्या रसात साखर भरपूर, नत्र जेमतेम. नत्र पुरेसं मिळावं म्हणून मावा भसाभसा रस ओढतो आणि नको असलेली साखर मागच्या मागे सोडून देतो. ती खालच्या पानांवर पडते, त्यावर काळी बुरशी धरते, आणि वेलाखालीच कपडे वाळत घालायची दोरी असेल तर ऑफिसचा पांढरा शर्ट गूळ पाजल्यासारखा चिकट होतो. "हे काय आहे?" म्हणून यांनी बाही नाकाशी धरली, तेव्हा खरं उत्तर द्यायचा धीर मला झाला नाही.

साखर म्हटल्यावर मुंग्या आल्याच. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर थोपटते, मावा थेंब सोडतो, मुंगी तो पिते. त्या बदल्यात मुंग्यांचा चोवीस तास बंदोबस्त, माव्याला खाणारा कोणी किडा फिरकला की हाकलून देणार. मी मांडवाच्या काठ्यांना खाली ग्रीस फासलं. मुंग्यांनी अर्धा दिवस विचारविनिमय केला आणि कपड्यांच्या दोरीवरून यायला सुरुवात केली. वाटेत शर्ट लागत होताच.

मग सल्ले सुरू झाले. पडलेल्या माव्यापेक्षा सल्ल्यांची पैदास जोरात. राख टाका. आंबट ताक शिंपडा. तंबाखू भिजवून मारा, हे सांगणारे गृहस्थ स्वतःच्या तोंडातली बाजूला सारून सांगत होते. शेजारच्या बंगल्यातल्या काकांनी प्रेमानं युरियाची पुडी दिली. युरियानं शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला लुसलुशीतच आवडतं, तेव्हा ती पुडी म्हणजे पाहुण्यांना शिधा होता. औषधाच्या दुकानात गेले तर त्यानं न बघता बाटली पुढे केली. मी विचारलं, "फवारल्यावर किती दिवस शेंगा खायच्या नाहीत?" तो दचकला. "तुम्ही घरी खाणार होय?"

बाटली तिथंच ठेवून निंबोळी अर्काकडे वळले. कृतीत ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, साबण मिसळून १०० लिटर द्रावण करा, असं असतं. १०० लिटरमध्ये आमची अख्खी गच्ची बुचकळून निघाली असती. त्रैराशिक मांडून लिटरला ५० ग्रॅमवर आणलं आणि बेसनाच्या पातेल्यात भिजत घातलं. पातेलं कोणतं निवडलं यावर घरात जे बोललं गेलं ते सोडून देऊ.

एवढ्यात वाळव्याहून आमचे चुलतसासरे आले. अण्णा ऊसवाले. २००२ साली आपल्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तो त्यांनी फडात उभं राहून पाहिलेला. पानांच्या खाली पांढरी लोकर, वर सगळं काळं. "अगं सूनबाई, डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्यात पंप घिऊन माणूस शिरंल कुठनं?" शेवटी डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचे किडे माव्यावर तुटून पडले. डिफा असलेली पानं तोडून लोक दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधत. अण्णांनी वेल निरखला, एक पान उलटं केलं आणि म्हणाले, "खानारं आलंय. आता पंप ठिव खाली आन् दम धर."

दम धरणं ही फवारणीची सगळ्यात अवघड पद्धत. काही न करता गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला काम करतेय असं कोणीच मानत नाही. मी सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून शेंडे धुवायची आणि मग नुसती बघत बसायची. 'खानारं' म्हणजे ढालकिड्याची अळी. मोठेपणी लाल गोंडस दिसतो तो किडा लहानपणी काळा, काटेरी आणि भयाण असतो. अळी मावा तोंडात धरते आणि त्याचे पाय हलत असतानाच त्याला फस्त करते. काही मावे मात्र जागेवरच फुगून बदामी झाले होते. गांधीलमाशीच्या गोतातली कुठलीशी चिमुकली माशी त्यांच्या पोटात अंडं घालून गेली होती, आणि पुढे पाठीला गोल भोक पाडून तिचं पिल्लू बाहेर पडलं. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी खालून विचारलं, "शेंगा धरल्या का?"

काकांच्या गच्चीवर पंखवाल्या भाच्या पोचल्या होत्याच. त्यांनी बाटली आणून दणक्यात फवारलं, वर दिसल्या तेवढ्या काळ्या अळ्या चपलेनं चिरडल्या. मावा तेवढ्यापुरता गेला, पण खाणारे मुळासकट गेले. वाचलेल्या चार जणींनी पुन्हा माहेर भरवलं, आता अडवायला कोणी नाही. एका संध्याकाळी काका दारात उभे. जरा घुटमळले. "वहिनी, ते तुमचे किडे... थोडे मिळतील का?"

मी श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून माव्याच्या डहाळीसकट डझनभर अळ्या दिल्या. सासूबाईंनी वर बजावलं, "डबा तेवढा परत द्या हो."

डबा आला. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे काकूंना पक्कं ठाऊक, म्हणून त्यांनी गच्चीवरची ताजी वांगी भरून पाठवली होती, देठ-पानांसकट. सासूबाईंनी एक वांगं उचलून देठ डोळ्यांजवळ धरला. देठाच्या खोबणीत पांढरा पिठ्या ढेकूण सुखानं बसला होता.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "आता याला कोण खातं?"