चाळीस मिनिटं आणि पाच आठवडे

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या औषधांच्या व्यसनावर अमेरिकेत केटामिन हे भुलीचं औषध आणि माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे बघण्याचं ध्यान, एकत्र देऊन बघताहेत, ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर पडली आणि दोन तट झाले. नाशिकचा मावसभाऊ म्हणाला, "पार्ट्यांमधली पावडर ती! गर्दुल्ल्याला देणार? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" काकांनी इगतपुरीला विपश्यनेची दोन शिबिरं केलेली. त्यांचं म्हणणं, "औषध हवंच कशाला? ध्यान आपलंच आहे, तेवढं पुरे." निवाडा माझ्याकडे आला, कारण मी इथे अमेरिकेत, वुस्टरमध्ये फार्मसिस्ट आहे.

काकांचं पहिलं वाक्य खोटं नाही. याच वुस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानातला धर्म बाजूला ठेवून जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा वर्ग सुरू केला. (गोएंकाजींनीही विपश्यना १९६९ साली ब्रह्मदेशातून आणली. 'आपलंच' म्हणताना एवढं आठवावं.) मावसभावाला मात्र सांगितलं, की त्याच्या धाकट्या मुलाचा हात बसवताना तालुक्याच्या दवाखान्यात बहुधा हेच टोचलं असेल. भूल देताना केटामिन श्वास फारसा दाबत नाही, म्हणून साधनं कमी असतात तिथे डॉक्टरांचा त्यावर भरवसा. गैरवापरही खरा आहे; म्हणून तर आपल्याकडे २०१३ पासून ते अनुसूची एक्समध्ये आहे, दोन प्रतींत चिठ्ठी लागते.

आता मुद्द्याचं. कोलंबिया विद्यापीठाच्या एलियास दकवार यांच्या गटाने २०१९ मध्ये कोकेनच्या व्यसनात अडकलेल्या ५५ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माइंडफुलनेसवर आधारलेला पाच आठवड्यांचा उपचार सगळ्यांना दिला. निम्म्यांना त्यात एकदाच, चाळीस मिनिटं, शिरेतून केटामिन. उरलेल्यांना मिडॅझोलॅम, म्हणजे नुसती गुंगी आणणारं औषध. शेवटच्या दोन आठवड्यांत कोकेनपासून पूर्ण दूर राहिलेले केटामिनच्या गटात ४८.२ टक्के, दुसऱ्यात १०.७. ध्यान दोन्हीकडे होतं, काका. फरक पडला तो त्या चाळीस मिनिटांनी. पण ती चाळीस मिनिटं पाच आठवड्यांच्या उपचारात, त्याच्या सुरुवातीलाच बसवली होती, हे मथळ्यात येत नाही. केटामिननंतर काही दिवस मनाची घट्ट घडी सैल पडते, ओढ कमी होते. तेवढ्यात नवी सवय रुजवायची, अशी त्यामागची कल्पना.

कोकेनचं गणित ओपिऑइडला तसंच्या तसं लागू होत नाही. कोकेनवर मान्यताप्राप्त औषध नाही. ओपिऑइडवर मेथाडोन आहे, ब्युप्रेनॉर्फिन आहे. तीही त्याच जातकुळीतली, पण ओढ आवरणारी औषधं, आणि त्यांनी माणसं जगतात. माझ्या काउंटरवर ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्ट्या न्यायला छपरं घालणारे येतात, शाळेची बस चालवणारी बाई येते. जिभेखाली विरघळणारी पट्टी, आणि नाव सांगताना उतरणारा आवाज. "औषध चालू आहे, म्हणजे सुटलं कुठे?" असं घरचे म्हणतात, हे मी तिथे कितीदा ऐकलंय. अशा कोणी केटामिनच्या भरवशावर पट्टी सोडली, तर शरीराची नशा सोसण्याची ताकद उतरते आणि फेंटॅनिलचा, म्हणजे फार जहाल ओपिऑइडचा, पुढचा डोस जीव घेऊ शकतो. या देशात २०२२ साली ओपिऑइडच्या अतिसेवनाने ऐंशी हजारांवर माणसं गेली. म्हणून माझ्या लेखी प्रयोगाला एकच अट: चालू औषधात भर, बदली नाही. न्यू जर्सीत मेथाडोन घेणाऱ्या १५४ जणांवर, केटामिनविना, असाच केलेला प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. मेथाडोन चालूच ठेवून माइंडफुलनेसचा उपचार जोडला, आणि पुन्हा नशेकडे वळण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी राहिलं.

इथल्या बाजाराने मात्र यातली सोपी बाजू तेवढी उचलली. शिरेतून केटामिन देणारी क्लिनिकं गावोगाव, एका वेळचे शेकडो डॉलर. टाळेबंदीपासून तर गोळ्या पोस्टानेही घरी येतात. सोबत बसणारं कोणी असेल-नसेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये अभिनेता मॅथ्यू पेरी गेला, तेव्हा मृत्यूचं मुख्य कारण केटामिन ठरलं. डॉक्टरांवर गुन्हेही दाखल झाले.

आपलं बरोबर उलटं. सोबत बसण्याची विद्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून जोपासली. अनिल आणि सुनंदा अवचटांनी तिथे गर्दुल्ल्याला माणूस म्हणून जवळ बसवलं, तेव्हा या शब्दाला शिवीचाच वास होता. पण सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिन मिळत असूनही 'एक नशा सोडून दुसरी' हे आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. एम्सच्या पाहणीनुसार देशात ओपिऑइड घेणारे दोन कोटींवर आहेत. त्यातल्या कितींना शिबिर पुरेल, काका?

एवढं सगळं लिहून पाठवलं. काकांनी नुसता नमस्काराचा हात टाकला. तो होकार की निरोप, कळलं नाही. मावसभावाने उशिरा विचारलं, "टोचायला शेकडो डॉलर म्हणतेस, मग त्या पाच आठवड्यांचे पैसे कोण देतं?"

प्रयोगात संशोधनाच्या निधीतून येतात. प्रयोगाबाहेर, माझ्या काउंटरवरच्या बहुतेकांना तर ते पाच आठवडे कोणी देऊही केलेले नाहीत.