दहा बाय दहाची मैफल

हाय-फायचा, म्हणजे घरी उत्तम आवाजात गाणं ऐकायच्या यंत्रांचा, नाद लागला की माणसाला आधी स्पीकर दिसतात, मग अँप म्हणजे अँप्लिफायर, मग वायरी, आणि या सगळ्यात पैसे संपले की मग कधीतरी खोली दिसते. खरं तर उलटं पाहिजे, कारण स्पीकर कितीही भारी आणा, कानात येतं त्यातलं बरंचसं भिंतींवर आपटून आलेलं असतं. पण भिंती कोणी बॉक्समधून काढून मित्रांना दाखवत नाही ना.

आमची खोली म्हणजे घोडबंदर रोडवरच्या टूबीएचकेमधली दुसरी बेडरूम. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि खोली रिकामी झाली, म्हणजे असं फक्त मला वाटलं. आईच्या मते ती पाहुण्यांची, बायकोच्या मते इस्त्रीच्या कपड्यांची, आणि मुलीच्या मते ती अजून तिचीच. मी जेवताना हळूच म्हटलं, इथे गाणं ऐकायची वेगळी खोली करूया. आई म्हणाली, "कर बाबा. बाकीच्या खोल्यांत तू कोणाचं काही ऐकत नाहीसच."

परवानगी मिळाली असं समजून मी टेप काढली. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, उंची साडेनऊ. आता वास्तूवाल्याला चौरस खोली म्हणजे आनंद, पण आवाजाच्या माणसाला चौरस खोली म्हणजे साडेसाती. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये विशिष्ट सुराची लाट अडकते आणि फुगते, दहा फुटांना तो सूर येतो साधारण ५६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं, अगदी खालचा, बेसचा सूर. लांबीचा ५६, रुंदीचाही ५६, आणि उंचीचा ५९. म्हणजे तीन पाहुणे वेगवेगळ्या दिवशी आले तर निभतं, हे तिघे एकाच दिवशी, एकाच बॅगा घेऊन. त्यात बेस गिटारची ए तार वाजते ५५ ला, म्हणजे अगदी आमच्या दारात.

आणि यातली गंमत अशी की ही फुगलेली लाट भिंतीपाशी दणदणते आणि खोलीच्या मधोमध जवळपास मरते. मी बरोब्बर मध्ये खुर्ची टाकून बसलेलो, चेहऱ्यावर शोकसभा, म्हणतोय बेसच नाही, एवढे पैसे घालून बेस नाही, आणि आई भिंतीला टेकून भाजी निवडत बसलेली, ती म्हणते बंद कर ते, माझ्या पाठीत धडधडतंय. एकच खोली, एकच गाणं, आणि दोघंही खरं बोलत होतो. घरात असं क्वचित होतं.

यावर जाणकारांचा एक तोडगा आहे, भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा. म्हणजे आमच्याकडे मागच्या भिंतीपासून पावणेचार फूट. मोजलं, खुर्ची ठेवली. तिथे दार उघडतं. आता दार उघडायचं तर आधी फोन करावा लागतो.

मग आरशाचा प्रयोग. तुम्ही खुर्चीत बसायचं, कोणीतरी भिंतीवरून आरसा सरकवायचा, आणि आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून आवाज पहिल्यांदा उसळून तुमच्याकडे येतो, तिथे आवाज शोषणारं पॅनल लावायचं. बायको आरसा घेऊन भिंतीला घासत चाललीये, मी खुर्चीतून "थांब, अजून जरा, मागे, मागे" करतोय, आणि तेवढ्यात कामाच्या मावशी दारात. त्यांनी काही विचारलं नाही, चपला घालून थेट आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, ताईंवर कोणी काही केलंय का. डाव्या बाजूची जागा मिळाली, उजव्या बाजूची निघाली बरोब्बर कपाटाच्या दारावर, ज्याला फुल साईझ आरसा आधीच आहे. म्हणजे शोधायला काहीच लागलं नाही, फक्त काच ही आवाज उसळवायला सगळ्यात वाईट जिन्नस आणि तो आरसा काढायचा विषय काढला की घरात वेगळाच आवाज उसळतो.

सल्ले तर काय, फुकट. खालच्या मजल्यावरच्या एकांनी अंड्याचे ट्रे आणून दिले, चांगला ढीगभर, म्हणाले भिंतीला चिकटवा, स्टुडिओत हेच असतं. आमच्या घरात अंडं येत नाही. आई ट्रेकडे बघत राहिली. मी तिला समजावलं की पुठ्ठ्याच्या ट्रेने बेसला काहीही होत नाही, ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते, ती ट्रेला काय भीक घालणार, दोन इंची स्पंजलासुद्धा घालत नाही. विज्ञान आणि आई एका पार्टीत आलेले मी पहिल्यांदा बघितले. ट्रे संध्याकाळी कचऱ्यात.

खरं लागतं ते जाड रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, लाकडी फ्रेममध्ये भरून, वर कापड ताणून, आणि कोपऱ्यांत तर जमेल तेवढं जाड, कारण बेसचा दाब कोपऱ्यात सगळ्यात जास्त साठतो. आता कापड कुठलंही चालत नाही. तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर ठीक, नाहीतर वरच्या पट्टीतला आवाज कापडावरच आपटून परत. जांभळी नाक्याला गेलो, दुकानदाराने उत्साहाने ठाण उलगडले आणि मी एकेक उचलून फुंकतोय. तिसऱ्या ठाणाला तो म्हणाला, "साहेब, मास्क शिवायचेत का?" म्हटलं नाही, भिंतीला लावायचंय. मग त्याने विचारणंच सोडलं. बायको दोन दुकानं पुढे जाऊन बांगड्या बघत होती. तिला बांगड्या आवडत नाहीत.

सुताराचं दुःख वेगळं. त्याला आयुष्यात कोणी असं कपाट सांगितलं नव्हतं ज्याला दार नाही, कप्पा नाही, आणि आत लोकर. "साब, इसमें सामान किधर रखेंगे?" म्हटलं, सामान नाही ठेवायचं. तो बायकोकडे बघायला लागला. मग सनमायकाचा मुद्दा आला, सनमायकाशिवाय फिनिशिंग येत नाही हे त्याचं ठाम मत, आणि सनमायका लावला की पॅनलचा काही उपयोग नाही हे माझं. शेवटी कडेला सनमायका आणि तोंडावर कापड असा तह झाला. रॉकवूल कापताना तो आणि मी दोघंही अंग खाजवत होतो. बाबांनो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मास्क घाला, आणि मे महिन्यात हे काम काढू नका.

आता एक गोष्ट जी पॅनल विकणारे मोठ्याने सांगत नाहीत. या सगळ्याने खोलीतला आवाज सुधारतो, बाहेरचा आत यायचा थांबत नाही. त्याला वजन लागतं, भिंतीचं, जाड काचेचं, आणि फट नसलेली खिडकी लागते. आमची खिडकी बिल्डरने दिलेली अ‍ॅल्युमिनियमची सरकती, तिच्या फटीतून पावसाळ्यात पाकोळ्या येतात, आवाज का नाही येणार. आणि बाहेर कोण, तर घोडबंदर रोड. २००० सालच्या सरकारी नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ही बातमी रात्री खड्ड्यातून उडी मारणाऱ्या रिकाम्या कंटेनरपर्यंत पोचलेली नाही. किशोरीताई आलापात एक स्वर लावून थांबतात, आपण श्वास धरतो, आणि धडाम्. रस्त्याकडची खिडकी शेवटी डबल काचेची करून घेतली. मग पंखा ऐकू यायला लागला. पंखा बंद केला तर ठाण्याचा मे महिना. आता विलंबित ख्याल पंखा बंद करून आणि बनियनवर ऐकतो, द्रुतला पंखा चालतो.

वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकतात. हा आवाज स्लॅबमधून उतरतो, त्याला आपल्याकडून फारसं काही करता येत नाही, उपाय उगमालाच करावा लागतो. आता उगमाला जाऊन कसं सांगणार? संक्रांतीला बायकोच्या हळदीकुंकवाला वरच्या काकू आल्या, तेव्हा बाकी सगळ्यांना वाण म्हणून डबी आणि काकूंना डबी अधिक खुर्चीच्या पायांना लावायचे रबरी बूच, मोठं पाकीट. काकू खूश. काकांच्या काठीला एक बसवला आणि बाकीचे जपून ठेवले. काकांची टकटक बंद झालीये, खुर्च्या चालूच.

एवढी शांतता झाल्यावर स्पीकरमधून एक घूंऽऽऽ ऐकू यायला लागलं, जे आधीही असणार पण ट्रकखाली झाकलेलं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने कान लावला आणि म्हणाला, "साहेब, आवाज येतोय म्हणजे लाईट आहे." त्याचं चुकलं नव्हतं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि घूं तिचंच. आईच्या अटीप्रमाणे टीव्हीचा बॉक्सही अँपला जोडलेला, मालिकेचा आवाजही छान यावा म्हणून, त्या केबलचं अर्थिंग एकीकडे, अँपचं दुसरीकडे, आणि दोन्हीचा लूप झालेला. केबल काढली की घूं गायब आणि आई हजर. मग केबलच्या मध्ये हा लूप तोडणारा छोटा आयसोलेटर बसवला आणि दोघीही शांत झाल्या.

मोजमाप करायचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, रूम ईक्यू विझार्ड. माईक लावायचा, आणि ते २० हर्ट्झपासून २० हजारापर्यंत एकच सूर खालून वर ओढत नेतं, ऊऊऊऊईईईई. दरवेळी पॅनल हलवलं की परत. शेवटी इंटरकॉम वाजला, वॉचमन, "साब, सायरन आपके यहाँ से आ रहा है क्या, सेक्रेटरी साब नीचे खडे हैं." सेक्रेटरींना वाटलं घरात स्टुडिओ काढला, कमर्शियल वापर. वर आणून बसवलं, भीमसेनजींचं एक जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं. तंबोऱ्याच्या मध्येच कोणीतरी खोकलं आणि आई स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आली, सेक्रेटरींना दिला. एवढं कौतुक मला कुठल्याच रिव्ह्यूने दिलेलं नाही.

खोली झाली तशी छान झाली. इतकी छान की बायकोने एकदा तिथून ऑफिसचा कॉल घेतला, आणि पलीकडून सगळे म्हणाले तुझा आवाज आज काय क्लिअर येतोय, नवीन माईक घेतलास का. सोमवार ते शुक्रवार, दहा ते सात, पावणेचार फुटांवरच्या त्या खुर्चीत ती बसते. मी दार उघडण्याआधी फोन करतो, ती उचलत नाही.

परवा तिला चांगल्या मूडमध्ये बघून सांगितलं की ५६ हर्ट्झचा तो फुगवटा अजून पुरता गेलेला नाही, एकाऐवजी दोन सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर, वेगवेगळ्या जागी ठेवले तर बेस खोलीभर सारखा होतो. मला वाटलं आता भडका. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "घे की दोन. एकावर माझा प्रिंटर राहील, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे."