१४४० फेऱ्यांची मोटार फसवी नसते

सोलापुरातील यंत्रमागधारकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे असे: एक गिगाहर्ट्झ म्हणजे १०२४ मेगाहर्ट्झ, मिलिसेकंदांना हजाराने गुणले की हर्ट्झ मिळतात, आणि वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मोटार मिनिटाला ३००० फेरे फिरलीच पाहिजे, १४४० फेऱ्यांची मोटार म्हणजे ग्राहकाची फसवणूक. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तने होतात त्याचे माप.)

१०२४ हा आकडा संगणकाच्या स्मृतीच्या हिशेबातून आला, आणि तिथेही गोंधळ नको म्हणून १९९८ साली त्यासाठी किबी, मेबी असे वेगळे उपसर्ग ठरवण्यात आले. वारंवारतेत किलो, मेगा, गिगा या पायऱ्या हजाराच्याच आहेत. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर लागते, म्हणजेच ०.७९२ मेगाहर्ट्झवर, दशांशचिन्ह तीन घरे सरकवण्यापलीकडे इथे काही करायचे नसते.

दुसरे विधान फार वेळ घेणारे नाही. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. संदेशाच्या रीतीने त्याचे २०,००० हर्ट्झ होतात. हजाराला २० ने भागायचे असते, गुणायचे नव्हे. लिहिणाऱ्याने आपल्याच तिसऱ्या विधानातील ५० घेऊन ताळा केला असता, तरी चूक सापडली असती.

तिसऱ्या विधानात ५० गुणिले ६० हा गुणाकार बिनचूक आहे, पण तो विजेच्या आवर्तनांचा आहे, मोटारीच्या फेऱ्यांचा नव्हे. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या, मोटारीत विजेच्या एका आवर्तनात चुंबकीय क्षेत्र अर्धाच फेरा पुढे जाते, म्हणून ते मिनिटाला १५०० फेरे घेते. आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्या क्षेत्राच्या किंचित मागे राहिला तरच त्यात प्रवाह निर्माण होऊन बळ मिळते, म्हणून पूर्ण भारावर नेमप्लेटवरचे १४४० फेरे, म्हणजे २४ हर्ट्झ, उरतात. सहा पोलच्या मोटारीवर याच हिशेबाने ९६० च्या आसपासचा आकडा दिसतो.

अशी ९६० फेऱ्यांची मोटार मागाचा क्रँक (माग चालवणारा मुख्य दांडा) मिनिटाला १२० फेरे, म्हणजे २ हर्ट्झने फिरवत असेल, तर वेग आठ पटींनी उतरवलेला असतो. संदेश खरा मानून कोणी पुली न बदलता त्या जागी दोन पोलची, सुमारे २८८० फेऱ्यांची मोटार बसवली, तर माग मिनिटाला ३६० पिकांवर (क्रँकच्या एका फेऱ्यात आडव्या धाग्याची एक फेक, म्हणजे एक पीक) जाऊ पाहील, आणि ते साध्या मागाच्या, हा धागा नेणाऱ्या धोट्याला झेपणारे नाही.