म्हणे सुई लागली की कॅन्सर पसरतो!

‘फुप्फुसात गाठ निघाली तर दुर्बीण घालू देऊ नका’ हा मेसेज भावकीच्या ग्रुपवरून आत्याच्या फोनवर पोचला. तिच्या सीटीत 14 मिमीची गाठ आहे, ब्रॉन्कोस्कोपीची, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायच्या तपासणीची, तारीख मिळालीय आणि आता ती नको म्हणतेय. मेसेजचं म्हणणं चार ओळींत: सुईने कॅन्सर पसरतो, दुर्बीण अंदाजाने चालते, फुप्फुस फुटतं, आणि पेट स्कॅन केला की बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, लागत नाही.

पहिली ओळ सगळ्यात घातक. बरगड्यांमधून सुई घातल्यावर तिच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी विरळा. दुर्बीण तर छातीला भोक न पाडता श्वासनलिकेतूनच जाते. रोग आधीच पुढे गेलेला असतो, ते तपासणीनंतर कळतं आणि खापर सुईवर फुटतं. आपल्याकडे खरा घोळ वेगळाच. एक्स-रेत डाग दिसला की टीबी धरून, थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही, कित्येकांना महिनोन्‌महिने एकेटी (टीबीची औषधं) चालू असते. तोवर गाठ वाढत राहते. तुकडा तपासला तर टीबी की कॅन्सर ते कळतं, आणि कॅन्सरच असला व ईजीएफआर जनुकातला बदल सापडला, तर गोळ्यांवरही उपचार होऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याकडे याला पर्याय काय? हळदीचा काढा!

अंदाजाने? साध्या दुर्बिणीपुरतं थोडंफार खरं आहे, ती कडेच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून तर सीटीवरून आधी नळ्यांचा नकाशा बनवतात आणि दुर्बिणीतून सोनोग्राफीचा बारीक प्रोब पुढे सरकवतात. आजूबाजूला हवाच असेल तर स्क्रीनवर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येतात. गाठीत शिरला की ठळक कडेचा राखाडी गोळा दिसतो. मग तुकडा घेतात.

फुप्फुस फुटण्याचं तर उलटंच आहे. 2025 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या सात केंद्रांची ‘व्हेरिटास’ चाचणी आली. गाठी 10 ते 30 मिमीच्या. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचं प्रमाण बाहेरून सुई घातलेल्यांत 28.3 टक्के, नॅव्हिगेशनच्या, म्हणजे नकाशाच्या आधाराने चालणाऱ्या, दुर्बिणीत 3.3 टक्के. म्हणजे भीती एका तपासणीची, बदनामी दुसरीची. अचूकता दुर्बिणीची 79, सुईची 73.6 टक्के, म्हणजे तिथेही दुर्बीण कमी पडली नाही. अर्थात 79 म्हणजे शंभर नव्हे. ‘कॅन्सर सापडला नाही’ असा रिपोर्ट आल्यावरही डॉक्टर पुन्हा सीटी सांगतात, ते पैसे उकळायला नव्हे.

पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच टीबीची गाठही चमकते, म्हणजे नुसत्या चमकण्यावरून काही ठरत नाही. विषय संपला.

एक मान्य करतो, नाइलाजाने: प्रत्येक गाठीची बायोप्सी लागत नाही. 6 मिमीपेक्षा लहान गाठीवर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात, कधी तेवढंही लागत नाही. नॅव्हिगेशनची सोयही सगळीकडे नाही आणि खर्च जबर आहे. तेव्हा तारीख रद्द करण्यापेक्षा आत्याने डॉक्टरांना एवढंच विचारावं, की गाठीपर्यंत कशाच्या आधाराने पोचणार आणि तुकडा नाही मिळाला तर पुढे काय करणार.