पाय कुठं गेले?

आबांनी फोटो आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मागची कोरी बाजूही बघून घेतली आणि विचारलं, "पाय कुठं गेले?"

मे महिना, टळटळीत दुपार. सातपुड्यात मोलगीच्या पुढचा एक पाडा. धुळ्याहून नंदुरबार, अक्कलकुवा करत देवगोईचा घाट चढून मी तो फोटो पोटाशी धरून आणला होता. त्याचा कोपरा दुमडू नये म्हणून एसटीत शेजारच्या बाईंची कोंबडीची टोपली मांडीवर घ्यायलाही नकार दिला होता. आणि हे विचारतात, पाय कुठं?

"आबा, हा क्लोजअप आहे. जवळून काढलेला."

"मी तर लांबच उभा होतो. तूच जवळ आला."

या भागात तुम्ही-आम्हीची भानगड नाही. मास्तर असो की कलेक्टर, सगळे तू. मला ते आवडतं. त्या दुपारी जरा कमी आवडलं.

"आणि रंग? संपले होते?"

आता ब्लॅक अँड व्हाइटची महती यांना कशी सांगावी? आबांनी होळीसाठी बाजारातून नवा गुलाबी फेटा आणला होता. माझ्या फोटोत तो राखुंडीच्या रंगाचा झाला होता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मात्र एकूण एक आल्या होत्या. त्यातल्या काही, आबांच्या मते, त्यांच्या नव्हत्याच. आजीबाईंनी डोकावून पाहिलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. सगळा पाडा हसला. भाषांतर मी मागितलं नाही.

हे दुखणं मला होळीच्या आधी जडलं. शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून झाल्यावर माणसानं तुळशीला पाणी घालावं. मी हप्त्यावर कॅमेरा घेतला. मग कुठेतरी वाचलं की आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा थोर फ्रेंच छायाचित्रकार आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, म्हणजे लोकांना तो दिसू नये आणि जगणं जसं चाललंय तसंच चालू राहावं. मीही काळी चिकटपट्टी लावली. फक्त कॅमेऱ्याला. बारा खिशांचं जाकीट, लाल टोपी आणि नव्वद किलोचा देह यांना पट्टी पुरली नाही. पाड्यात शिरलो की आधी कुत्री, मग पोरं, मग शेळ्या अशी मिरवणूक मागे लागायची. जगणं जसंच्या तसं चालू राहिलं ते फक्त एका झोपलेल्या म्हशीचं.

मुहूर्त काठी गावच्या राजवाडी होळीचा धरला होता. ही होळी पेटते पहाटे, तोवर रात्रभर ढोल. उंचच्या उंच बांबू उभा करायचा, त्याचा खड्डा हत्याराला हात न लावता खणायचा. नवस बोललेले गडी बुध्या बनून येतात: डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे नि घुंगरं, अंगभर राखेची नक्षी. नवसाचे दिवस खाटेवरसुद्धा झोपायचं नाही, इतकं कडक. असा एक बुध्या अंधारातून घुंगरं वाजवत आला. मी श्वास रोखला, बोट बटणावर नेलं, आणि माझ्या भिंगापुढे एकदम तीन पाठी उभ्या राहिल्या. तिघांच्याही जाकिटाला बारा खिसे. वर ड्रोन घोंघावत होता. आमचा शिरपूरचा ड्रायव्हर टपाला टेकून बिडी ओढत अहिराणीत म्हणाला, "सर, आठे ढोल कमी न् कॅमेरा जास्त शेतस."

त्या रात्रीचे माझ्याकडे चारशे फोटो आहेत. तीनशे नव्वद फोटोंत पाठी.

म्हणून दुसऱ्या दिवशी, जिथं दुसरा कॅमेरा पोचणार नाही असं घर शोधत आबांच्या दारात आलो. कुडाच्या भिंती, वर नळीची कौलं, आत गारेगार अंधार. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप चुलीच्या धुरात अशी उतरली होती की मी जागीच बसलो. हेच ते! पारंपरिक डोंगरी जीवन! फक्त चुलीशेजारी गॅसचं सिलिंडर होतं.

"आजी, हे जरा बाहेर ठेवलं तर?"

ठेवलं. मग निळा प्लॅस्टिकचा ड्रम दिसला. तोही गेला. मग टीव्हीची छत्री, खताची रिकामी पोती, पंख्याचा खोका, नातवाचं दप्तर. जसं आहे तसंच टिपायचं, हे या प्रकारातलं पहिलं कलम. ते राबवता राबवता मी निम्मं घर अंगणात आणलं. शेजारी जमले. एकानं आबांना काळजीनं विचारलं, घर विकायला काढलं की काय.

एवढं होईस्तोवर उन्हाची तिरीप सरकून कोंबड्यांच्या डालग्यावर गेली. आत इतका अंधार की शटर एक पंधरांश सेकंदावर आणावं लागलं. तेवढ्या वेळात माणूस हलला की त्याचं भूत होतं. "हलू नका!" मी ओरडलो. आजी फुंकणी तोंडाशी धरून थांबल्या, न फुंकता. चूल विझली. तिकडे बाहेर आबा मात्र केव्हाचे नवा फेटा बांधून, पायात चांदीचं कडं घालून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे होते. शाळेत राष्ट्रगीताला पोरं उभी राहत नाहीत इतके ताठ. मला हे असलं ठरवून उभं राहणं नको होतं. ते कंटाळून बिडी पेटवायला वाकले, तेव्हा मी झडप घातली. फोटो झकास आला. निघताना म्हणालो, "आबा, फोटो नक्की आणून देतो हं."

आबा हसले होते. त्या हसण्याचा अर्थ मला मे महिन्यात कळला.

"तू सातवा," आबा म्हणाले. आश्रमशाळेत सातवीला असलेल्या नातवानं वही उघडली. मागच्या पानावर यादी होती: फोटो काढून नेलेले आणि परत न आलेले. पहिला इसम दाढीवाला, नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायच्या आधीचा. म्हणजे १९९८ च्याही मागचं येणं.

"तेव्हा धुळे जिल्हा होता," आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू धुळ्याचा ना? तुझ्याच गावचा तो."

धुळ्यात दाढीवाले किती, हे मी सांगून पाहिलं. पटलं नाही. सातांपैकी फोटो घेऊन परत आलेला मी एकटा, आणि तोही बिनपायांचा. ते कडं आबांनी ज्या वर्षी भगर चांगल्या भावानं गेली त्या वर्षी केलं होतं. ते दाखवायलाच ते पाऊण तास उन्हात उभे होते.

मी जाकीट काढलं आणि म्हणालो, उभे राहा.

सगळा पाडाच उभा राहिला. लेकी-सुना, म्हातारे, मोटारसायकलसकट दोन पोरं. अंगणात तर जागाच नव्हती, तिथं आमचुराच्या पांढऱ्या फोडी वाळत होत्या. सगळे पाय मावावेत म्हणून मी मागे सरता सरता त्यावर चढलो, तेव्हा आजी जे बोलल्या त्याला मात्र भाषांतराची गरज पडली नाही. आबांनी सिलिंडर स्वतः उचलून आणलं आणि शेजारी उभं केलं. आजींनी ड्रम आणला. एक्केचाळीस फोटो झाले. एकेकाचे दोन दोन पाय मोजून घेतले.

नंदुरबारच्या स्टुडिओवाल्यानं प्रिंटा काढताना विचारलं, "सर, कुठलं लग्न?"

आषाढात त्या पोचत्या केल्या. आबांनी नातवाकडून माझं नाव खोडवलं आणि उरलेल्या सहांचं पान फाडून माझ्याच हाती दिलं. म्हणाले, तुम्ही सगळे होळीला भेटताच की.

त्यामुळे यंदा काठीला गेलो तो कॅमेऱ्याशिवाय, हातात यादी घेऊन. चौथ्या नंबरचं वर्णन: टक्कल, पांढरी जीप, 'पुढल्या आठवड्यात' म्हणाला. पहाटे होळीच्या उजेडात तसलं एक टक्कल दिसलं. गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून तो माणूस एका बुध्यावर नेम धरत होता. मी समोर जाऊन पिशवीतून कागद काढला. त्यानं डोळा न उघडताच हात हलवला.

"काका, जरा बाजूला. आणि ती प्लॅस्टिकची पिशवी मागं घ्या, फ्रेममध्ये येतेय."